खुळखुळणारी पेटी

सुपारी पारखणाऱ्या माणसाने वाद्य पारखायला जाऊ नये, हे मला वाद्य घरी आणल्यावर कळलं.

श्रीवर्धनात आमची सुपारीची वाडी. वाळलेली सुपारी सालासकट कानाशी धरून हलवायची. आत खुळखुळली तर तयार, नाही तर पुन्हा उन्हात. या कामात माझा कान गावात पहिल्या नंबरचा. (असं मीच सांगत असे, पण कुणी खोडून काढलं नव्हतं.)

त्या वर्षी आमच्या वत्सूने, वय वर्षं दहा, गणपतीत आळीच्या मांडवात पेटी वाजवायचं ठरवलं. हार्मोनियमच्या भात्यापर्यंत तिचा हात पोचेना, आणि हार्मोनियम विकत घेण्यापर्यंत माझा. तेवढ्यात कळलं, की बोटीवरची नोकरी सोडून आलेल्या दाऊदभाईंकडे विलायती हातपेट्या आहेत. कॉन्सर्टिना म्हणतात त्यांना. दोन्ही हातांत धरायची, मधे भाता आणि दोन्ही टोकांना बटणं.

बापलेक निघालो. दाऊदभाईंनी तीन पेट्या पुढ्यात मांडल्या. एक शिंपल्याच्या बटणांची, फार देखणी. तिचं एकच बटण भाता ओढताना एक सूर देई आणि दाबताना दुसरा. किंमत ऐकून मी ती अलगद खाली ठेवली. उरलेल्या दोन साध्या, ड्युएट जातीच्या. भाता ओढा की दाबा, बटणाचा सूर तोच. उजव्या हाताला वरचे सूर, डाव्या हाताला खालचे. मुलांना शिकायला हीच सोपी आणि खिशालाही झेपणारी, असं दाऊदभाई म्हणाले. दोघी दिसायला जुळ्या बहिणी.

मी दोन्ही पेट्या कानाशी धरून हलवल्या. पहिली मुकी. दुसरी आतून कशी छान खुळखुळली!

“ही द्या.”

“अण्णा, ती नका घेऊ,” दाऊदभाई म्हणाले. “पहिली न्या. निदान पोरीला वाजवून तर बघू द्या.”

विकणारा जो माल नको म्हणतो, तो त्याने स्वतःसाठी राखलेला असतो, अशी माझी पक्की समजूत. वत्सू माझी बाही ओढत होती, तिला मी डोळ्यांनीच गप्प केलं आणि खुळखुळणारी पेटी काखेत मारून बाहेर पडलो.

घरी वत्सूने सा वाजवला, रे वाजवला आणि पुढचं बटण दाबलं. भात्याने नुसता सुस्कारा सोडला. ओढून बघितलं, दाबून बघितलं. ग काही येईना. ग च्या पितळी पट्ट्याच निसटून आत फिरत होत्या, आणि मी नेमक्या त्याच पसंत करून आलो होतो.

लाज गिळून दाऊदभाईंकडे गेलो, तर दाराला कुलूप. ते मुंबईला मुलाकडे गेले होते. घरी परतून पेटी उघडायला अडकित्ता हातात घेतला, तर आमच्या हिने पेटी उचलून थेट देवघरात नेऊन ठेवली. तिथे तरी मी तिला हात लावणार नाही, अशी तिची अपेक्षा.

“अण्णा, मी सगळ्या मैत्रिणींना सांगून ठेवलंय,” वत्सू म्हणाली आणि खाली बघत बसली. तिचा तो चेहरा मला बघवेना. म्हटलं, रडू नकोस, ग मी देतो!

बेत असा ठरला. मी मखरामागच्या पडद्याआड बसायचं. तिथून तिची बोटं दिसणार नाहीत, म्हणून ग आला की तिने फळीवर पायाने ठोका द्यायचा आणि मी गळ्यातून ग काढायचा. घरी तालीम उत्तम झाली. (शेजारची गाय दावं तोडून गेली, पण त्याचं कारण वेगळंही असू शकेल.)

मांडवात सुरुवात झकास झाली. ठोका पडला, मी ग दिला. पुन्हा ठोका, पुन्हा ग. मग लोक माना डोलवू लागले, पोरीला रंग चढला आणि तिने पायाने तालच धरला. मी शब्दाला जागणारा माणूस. दर ठोक्याला ग देत सुटलो. वत्सू पडद्याकडे बघून डोळे वटारत होती, हे मला नंतर सांगण्यात आलं. पण पोर हटली नाही. शेवटपर्यंत वाजवलं आणि मांडवभर टाळ्या घेतल्या. पडद्याआड मला भरून आलं.

बाहेर आलो तर आळीतले जुने हार्मोनियमवाले बापू तिची पाठ थोपटत होते.

“पोरीचा हात गोड आहे हो, अण्णा,” ते म्हणाले. “फक्त या पेटीतला तो ग तेवढा काढून टाका. त्याच्याशिवाय बरी वाजेल.”

वत्सूने सल्ला मानला. पुढच्या वर्षी तिने ग नसलेली चाल बसवली, मला मानाने पहिल्या रांगेत बसवलं आणि वाजवायला बसण्याआधी माझ्या तोंडात आमच्याच वाडीतली एक अख्खी सुपारी कोंबली. कार्यक्रम संपेपर्यंत ती काही फुटली नाही. पारख माझीच होती ना!