दादाची मूठ

माझा थोरला भाऊ जळालेल्या मोटरी नवी तार गुंडाळून भरून द्यायचा. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली, आत कायम व्हार्निशचा वास. तांब्याची तार त्याच्या बोटांतून अशी सुटायची, की वेढ्याला वेढा चिकटून बसे. नेमकं त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय हळूहळू चालायला लागला, पण हाताची मूठ वळली ती वळलीच.

फिजिओथेरपीच्या बाईंनी हाताला चिकट पट्ट्या लावून करंट द्यायचं छोटं मशीन घरी दिलं. करंट आला की मनगट उचललं जाई, बोटं उघडत. पहिल्यांदा उघडली तेव्हा वहिनी रडायलाच लागली.

दादा म्हणाला, "रडतेस काय? लाइन चालू आहे. आता दुकान उघडलंच समज!"

बाईंनी बजावलं होतं, "काका, करंट आला की तुम्हीही बोटं उघडायचा जोर लावायचा. नुसतं मशीनवर सोडायचं नाही."

दादाने मान डोलावली आणि घरी येऊन हात उशीवर टाकून निवांत बसला. मी टोकलं, तर म्हणाला, "मोटरला करंट दिल्यावर तू हाताने ढकलत बसतेस का? जन्म गेला माझा यात."

विजेत मुरलेल्या माणसाशी वाद कोण घालणार? आल्यागेल्याला तो बोटं उघडून दाखवायचा. एका जुन्या गिऱ्हाइकाची मोटरही भरायला ठेवून घेतली.

पुढच्या तपासणीला बाईंनी मशीन बंद केलं. "आता आपणहून उघडा, काका."

दादाच्या कपाळावर घाम आला. मी मनात म्हटलं, देवा, फार मागत नाही, एक बोट दे. जोर लावला तशी मूठ आणखीच आवळली.

"हललं का गं?" दादाने वहिनीला विचारलं.

वहिनी म्हणाली, "हलल्यासारखं वाटलं."

"मोटर फिरल्यासारखी फिरत नसते. फिरते, नाहीतर नाही."

बाई म्हणाल्या, "परत पहिल्यापासून सुरू करू. पण किती सुधारेल, ते माझ्याही हातात नाही."

तेव्हापासून दादा करंटबरोबर जीव तोडून जोर लावतो. मूठ मशीनबरोबर उघडते आणि मशीनबरोबरच मिटते. गिऱ्हाइकाची मोटर त्याने परवा परत पाठवली. आंघोळीआधी वहिनी एकेक बोट उलगडून त्याचा तळवा पुसते, रुतू नयेत म्हणून नखं कापते. तेवढा वेळ तो भिंतीकडे बघत राहतो. मी शेजारी बसून देवाचं नाव घेते. दुसरं काय करू, मला कळत नाही.