पाण्याला भिणारी डंपलिंग

माझ्या काकांना सगळी गल्ली घड्याळकाका म्हणते. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केल्यामुळे त्यांना एक खोड जडली आहे. वस्तू कोणतीही असो, वापरायच्या आधी ती उघडून बघायची. नवी छत्री त्यांनी पावसात नेण्याआधी टेबलावर सुटी केली होती.

गेल्या महिन्यात काकूंना ताप आला. ताप गेला, पण जाताना भूक सोबत घेऊन गेला. तीन आठवडे त्या दोन घास खाऊन ताट सरकवत होत्या. डॉक्टरांनी बजावलं, वजन आणखी उतरलं तर सोमवारी दवाखान्यात ठेवून घेऊ.

"मला नाही जायचं," काकू म्हणाल्या. "तिथल्या उशीवर कोणाकोणाची डोकी टेकलेली असतात."

"मग काय खाशील ते तरी सांग!"

"बंदराजवळच्या दुकानातली ती कोळंबीची डंपलिंग, मोदकासारखी वाफवलेली. चावलं की गरम रस येतो ती."

ती घरी आणेपर्यंत गार होऊन चामड्यासारखी होत. म्हणून काकांनी ती घरीच करायचं ठरवलं. पण त्याआधी एक उघडणं आलं. शनिवारी ते मला घेऊन बंदराजवळच्या त्या दुकानात गेले, डोळ्याला भिंग लावलं आणि चिमट्याने एकेक चुणी सोडवू लागले.

"सतरा," ते पुटपुटले. तेवढ्यात बशीत रस सांडला. "अरे, हा आत शिरला कुठून? भोक तर कुठेच नाही!"

मालकीणबाईंना वाटलं, सरकारी तपासणी आली. त्यांनी न मागता दुसरी बशी आणून ठेवली. रसाचं विचारल्यावर मात्र म्हणाल्या, "माझ्या सासूने मला दहा वर्षं सांगितलं नव्हतं. तुम्ही कोण?"

रविवारी सकाळी काका स्वयंपाकघरात शिरले. कोळंबी सोलून तिच्या पाठीतला काळा दोरा त्यांनी असा अलगद काढला की बघत राहावं. पण मग धंद्याने बोटांचा ताबा घेतला. पाणी म्हणजे गंज! कोळंबी फडक्यात गच्च पिळली, कोबी पिळला, सारण तासभर पंख्याखाली ठेवलं. अर्ध्या सारणाची डंपलिंग वाफवून झाली. प्रत्येकाला मोजून सतरा चुण्या.

मी एक तोंडात टाकलं आणि चावत राहिलो.

"काका, याने पेन्सिलीचं लिहिलेलं पुसता येईल."

काकूंनी एक कुरतडून बशीत परत ठेवलं. काकांचा चेहरा पडला. "रस का नाही आला गं? मी तर थेंबभर पाणी आत राहू दिलं नाही!"

काकू अंथरुणात कोपर टेकून उठून बसल्या. "काय केलंत?"

काकांनी सगळं सांगितलं.

"अहो, ते घड्याळ आहे का, पाणी गेलं म्हणून बंद पडायला? कोळंबीची टरफलं कुठे आहेत? फेकली नाहीत ना?"

सुटे भाग काका कधीच फेकत नाहीत. टरफलं ताटात लहानमोठी लावून ठेवली होती, डोकी वेगळी.

काकू भिंत धरत स्वयंपाकघरात आल्या आणि स्टुलावर बसल्या. टरफलं उकळून, ते पाणी गाळून गार करवलं आणि उरलेल्या सारणात एकेक चमचा घालायला लावलं. "ढवळा. एकाच दिशेने."

"कोणत्या?"

"तुमच्या मर्जीच्या. फक्त मध्येच उलटं फिरवू नका, नाहीतर पाणी सुटेल."

सारण पाणी पीत गेलं. काका पातेल्यात वाकून बघत होते. "आठ चमचे गेले आणि तळाला टिपूस नाही! जातंय कुठे?"

"वाफवल्यावर कळेल. भरा आता. चुण्या सात पुरेत, मला आज खायचंय."

पहिलं डंपलिंग काकूंनी फुंकर घालून चावलं. रस हनुवटीवर ओघळला.

"कसं झालंय?" काकांनी विचारलं. काकूंचं तोंड भरलेलं. दुसरं गेलं, तिसरं गेलं. पाचव्यानंतर काकू म्हणाल्या,

"आधी ते दार लावा. वास शेजारणीकडे गेला तर ती येऊन बसेल, आणि तिला द्यावी लागतील."