सुजलेल्या डोळ्यांची चौकशी

नेरूळच्या फ्लॅटमध्ये येऊन दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा माझे डोळे सुजायला लागले. सकाळी उठले की पापण्या जड आणि डोळ्यांखाली फुगवटा. दुपारपर्यंत जरा ओसरायचा, दुसऱ्या सकाळी पुन्हा हजर. मी तेव्हा तुर्भ्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते. नवरा न्हावा शेवाला कस्टम एजंटकडे. घरात तिसरी माझी सासू, साताऱ्याकडची. तिला मी आत्या म्हणायची.

डोळे माझे, पण त्यांच्यावर बोलायचा हक्क सगळ्या गावाला. ऑफिसात साहेबांनी लांबूनच बघितलं आणि ‘डोळे आलेत, सगळ्यांना द्याल’ म्हणून तीन दिवस घरी बसवलं. डोळे लाल नव्हते, चिकट नव्हते. पण साहेबांना कोण सांगणार? कारखान्यात उडणाऱ्या ज्या पावडरीनं कामगार दिवसभर खोकायचे ती त्यांना कधी दिसली नाही; माझ्या पापण्या मात्र बरोब्बर दिसल्या.

सोसायटीत तर प्रत्येक मजल्यावर एक वैद्य. एकीनं मीठ सोडायला लावलं. दुसरीनं काकडीच्या चकत्या ठेवायला सांगितल्या, त्याही मी मूर्खासारख्या ठेवल्या. तिसरी जिन्यात अडवून हसत म्हणाली, “गोड बातमी लपवतेस होय गं?” नाक्यावरच्या डॉक्टरांनी माझ्याकडे न बघताच ‘ॲलर्जी’ लिहिलं आणि गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी मी टाइपरायटरसमोर डुलक्या काढायला लागले. सूज तिथंच.

मग एका रविवारी सकाळी बेल वाजली. नवरा ड्युटीवर गेला होता. दारात सेक्रेटरींची बायको आणि मागे दोघी. सोफ्यावर ऐसपैस बसल्यावर सेक्रेटरीणबाईंनी माझा हात हातात घेतला.

“घाबरू नकोस. आम्हाला सगळं कळलंय. रोज रडून डोळ्यांची काय दशा केलीयेस!”

“मी कुठं रडते?”

“भिंतींना कान असतात गं. यांचा आवाज आमच्या बेडरूमपर्यंत येतो.” हे म्हणताना त्यांनी स्वयंपाकघराकडे डोळे फिरवले. आत आत्या भाकरी थापत होती.

आत्याचा आवाज मोठा होता, हे खरं. सगळं आयुष्य या बांधावरून त्या बांधावर हाक मारण्यात गेलेलं. ‘चहा झालाय’ हेसुद्धा ती भांडल्यासारखं सांगायची. पण ती मला कधी वाकडं बोलली नव्हती. दिवाळीला साडी कुठली आणि महिन्यातून किती वेळा माहेरी जायचं, यावरून स्वतःच्या सुनेला छळणाऱ्या या बाई माझ्या सासूची झडती घ्यायला आल्या होत्या.

“खरं सांग,” त्या म्हणाल्या, “त्रास देतात ना?”

मी लगेच नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझा हात धरून विचारत होतं, आणि ते मला बरं वाटलं. मी मान खाली घालून बसले.

आत्या पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

“व्हय गं बायांनू, मी मारती हिला? बघितलंसा कुणी?”

“आम्ही तसं नाही म्हणालो, आजी...”

“मग कसं म्हनला? सूज हाय तिच्या डोळ्यात आन तुमी पानी माझ्या घरात शोधताय. च्या करती, पिऊन घ्या आन निगा.”

चहाला कुणी थांबलं नाही.

त्या गेल्यावर आत्या माझ्याशी भांडेल असं वाटलं. ती म्हणाली, “उद्या सुट्टी टाक. वाशीला बाई डॉक्टर हाय, तिच्याकडं जायचं.”

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “आणखी काय होतं?” मी म्हटलं, काही नाही. आत्या मध्येच बोलली, “कसं न्हाई? आवाज घोगरा झालाय हिचा. केसाचं पुंजकं निगत्यात. भर उनाळ्यात गोधडी घेती. जेवन चिमणीएवढं, आन अंग सुटलंय.”

डॉक्टरीणबाईंनी माझा गळा चाचपला, रक्त तपासायला पाठवलं. थायरॉइड मंदावलेलं निघालं. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, बस्स. चारेक महिन्यांत चेहऱ्यावरची सूज उतरली, आवाज परत आला.

सोसायटीतल्या बायकांना हे कळलं तेव्हा सेक्रेटरीणबाई गेटपाशी चारचौघींत म्हणाल्या, “मी पहिल्या दिवसापासून सांगत होते, हा काहीतरी आजारच आहे.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. आत्याची माफी मागावी हे त्यांतल्या एकीच्याही डोक्यात आलं नाही. संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं, तेही फक्त मला. मी गेले नाही. त्याचंही कुणाला काही वाटलं नसावं.

त्या बायकांना मी पुढं कितीतरी वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या. पण त्या रविवारी मान खाली घालून बसले होते ती मीच. आत्याला ते दिसलं होतं. तिला सगळंच दिसायचं. त्यावर ती मला कधी एका शब्दानं बोलली नाही, आणि मीही तो विषय काढायचं धाडस केलं नाही.