केळझरची वाट आणि पांढऱ्या बाह्या

ताईच्या शांताचं लग्न केळझरला आणि मी मुलीचा मामा. मामानेच नवरीला मांडवात आणायचं, आणि मी वर्ध्यातच बस चुकवली. आज तुम्ही तिथल्या गणपतीला गाडीने सहज जाऊन येता. पन्नासच्या दशकातल्या त्या भल्या पहाटे मला नथ्थूभाऊंचा टांगा घ्यावा लागला. भाडं बसच्या कितीतरी पट. त्यांच्या घोड्याची, मोतीची, खोड त्यांनी मी बसल्यावर सांगितली.

चौकात नुकताच वाहतुकीचा पोलीस आला होता. त्याची पांढरी बाही वर गेली की थांबायचं. दंडाच्या धाकाने नथ्थूभाऊंनी मोतीला हे इतकं पक्कं शिकवलं, की आता कुणाचीही पांढरी बाही वर दिसली की तो थांबे आणि ती खाली येईपर्यंत हलत नसे. आणि गाव वर्धा. निम्मं गाव खादीत, भेटेल तो हात वर करणारा.

"मग रस्ता कोणता घेता?" मी विचारलं.

"जिथं पांढरे कपडे नाईत तो."

म्हणून आम्ही रंगाऱ्यांच्या गल्लीतून निघालो, पुढे कपाशीच्या धुऱ्यांवरून, म्हणजे शेतांच्या बांधांवरून. वाट विचारायची ती फक्त रंगीत लुगड्यातल्या बायांना. भाकर-ठेचाही चालत्या टांग्यातच खाल्ला.

सेलूला मात्र गावातूनच जाणं भाग होतं. तिथे खादीतले एक पुढारी ओट्यावर भाषणाला उभे, हात आभाळाकडे. मोती थांबला. टांगा ऐकायला थांबलेला पाहून पुढाऱ्यांना आणखी चेव आला.

मी खाली उतरून हात जोडले. "साहेब, हात खाली घ्या. मुहूर्त टळून राह्यला, भाची वाट पाहते."

"बसा, मुद्द्यावरच येऊन राह्यलो," ते म्हणाले.

शेवटी त्यांना तहान लागली. त्यांनी तांब्या उचलला आणि आम्ही सुटलो. मांडवात पोचलो तेव्हा भटजी माझ्याच नावाने ओरडत होते. लग्न लागलं. वांग्याची भाजी मी तीनदा मागून घेतली.

सासर वर्ध्यातच, म्हणून नवरा-नवरी आमच्याच टांग्यात बसले. भाऊजी, म्हणजे शांताचे वडील, शाळामास्तर. दिवसभर चकार शब्द बोलले नव्हते. टांगा हलला तसा त्यांनी हात वर केला. बाही पांढरी. मोती थांबला. हात खाली, टांगा सुरू. पुन्हा हात, पुन्हा मोती उभा. वऱ्हाड हसू लागलं, रडता रडता शांताही हसली.

"गुर्जी, हात खाली ठेवा," नथ्थूभाऊ म्हणाले, "नाईतर पोरगी जात नाई."

भाऊजींनी घोड्याकडे पाहिलं, मग शांताकडे. तिसऱ्यांदा हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. हसणं थांबलं. नथ्थूभाऊंनी लगाम सैल सोडला. मला फार वाईट वाटलं, पण त्यांना हात खाली घ्या म्हणायला माझी जीभ रेटेना.

आता लाल दिव्यापाशी माझा मुलगा चिडतो, गल्लीबोळातून गाडी घालायला बघतो. मी म्हणतो, थांब जरा. तुझ्या आतोबांचा हात अजून खाली आला नाही.