राखणदारावर घातलेला आळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवळात एकटा उभा असतानाही नाही. आता सत्तरी उलटली – तुम्ही माझ्याजवळ बसला आहात असं समजून लिहितो.

डिचोलीला पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या एका कारखान्यात मी मिस्त्री होतो. पेडण्याहून रोज बसने जायचो. आमचा मोठा प्रेस पायाचा पेडल दाबला की ठोका मारायचा, आणि त्याला पुढे लोखंडी जाळी होती. ती उघडली की कडेचा स्विच सुटायचा आणि प्रेस जागच्या जागी बंद व्हायचा. गडहिंग्लजकडचा म्हादू कामाला लागला तेव्हा मीच त्याला शिकवलं – जाळी उघडली की मशीन मेलं समज, मगच हात घाल.

पुढे जाळी सैल झाली. धक्क्याने स्विच सुटायचा, काम अडायचं. दुरुस्तीला एक दिवस प्रेस बंद ठेवावा लागला असता. मी – स्विच तारेने आवळून टाकला, म्हणजे जाळी उघडली तरी तो सुटणार नाही, प्रेस चालूच राहील. म्हादूला सांगितलं का? नाही. विसरलो म्हणू? विसरलो नव्हतो. सांगितलं असतं तर तो हात घालायला कचरला असता, काम मंदावलं असतं.

दुपारी, जेवणानंतर, प्रेसचा ठोका पडला. रोजच्यासारखाच. ओरडणं नाही. वळून पाहिलं तर म्हादू अडकलेला पत्रा काढायला जाळी उघडून उभा, आणि अगदी शांत आवाजात मला विचारत होता, "मिस्त्री, माझी बोटं कुठं गेली ओ?"

सगळे त्याच्याकडे धावले. मी मशीनकडे धावलो. पक्कड खिशातच होती. आधी तार कापली, खिशात घातली – मग त्याच्याकडे वळलो.

त्याचा पाय नकळत पेडलला लागला असणार. पण जाळी उघडी असताना प्रेस चाललाच कसा? तपासायला आलेल्यांनी जाळी उघडून पेडल दाबला. प्रेस हलला नाही. तेव्हा गावातला एक म्हातारा फाटकाशी येऊन म्हणाला, "राखणदाराची वाट अडवून शेड बांधलास, आणि आता विचारतास मशीन कसां चाललां?"

राखणदार म्हणजे हद्द राखणारा आमचा देवचार. शेडमागे त्याचा दगड आहे. म्हादू एकदा तिथे थुंकला होता – परका माणूस, त्याला काय ठाऊक? म्हाताऱ्याचं बोलणं कानावर गेलं तेव्हा म्हादूचा चेहरा पडला.

गाऱ्हाणं घातलं. म्हादू बांधलेला हात छातीशी धरून दगडापुढे उभा. म्हाताऱ्याने राखणदाराला म्हादूची चूक पोटात घालायला सांगितलं. "व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

मग मी गुपचूप जाळी घट्ट केली. प्रेस पुन्हा कधी चुकला नाही, तेव्हा लोकांची खात्रीच पटली. आणि एका दुपारी, प्रेसची वीज तोडलेली असताना, मला तो ठोका ऐकू आला. एकच. बाकी कुणी मान वर केली नाही.

गावी परतताना म्हादूने माझे पाय धरले. म्हणाला, "समदी भांबावली, तुम्हीच तेवढं मशीन बंद कराय धावलासा." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

अजून तो दरवर्षी राखणदारासाठी नारळ धाडतो. माझ्याकडेच धाडतो. मी डिचोलीला जातो, नारळ दगडापुढे ठेवतो, त्याच्या नावाने माफी मागतो. यंदाही मागितली.