सात नसलेला कॅलक्युलेटर

आमचा कॅलक्युलेटर भक्तिभावामुळे बिघडला.

गिरगाव सोडून भाईंदरला राहायला आलो, त्या वर्षीचा दसरा. घरात पूजेला शस्त्र म्हणाल तर विळी आणि यंत्र म्हणाल तर हा कॅलक्युलेटर! मी त्याला हळद-कुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या, झेंडूचं फूल ठेवलं.

"अहो, पाणी नका घालू त्याच्यावर!" बायको ओरडली.

"मग काय कोरडीच पूजा करायची?" म्हणत मी पळीने पाणी सोडलं. (सोडलं कसलं, अभिषेकच केला!) उन्हात वाळवल्यावर बाकीची बटणं शुद्धीवर आली. सातचं तेवढं गेलं ते गेलंच.

मग तो दुसरीतल्या आमच्या मनूला खेळायला दिला. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मी तिला चिडवलं, "सतरा आणून दाखव बघू!"

वाटलं, हिरमुसेल. तिने अठरा दाबले, त्यातून एक वजा केला आणि खदखदून हसली. झालं! रोज मी केबिन रोडच्या वळणावर दिसलो की ती गॅलरीतून ओरडायची, "बाबा, लवकर ये ना! आज कुठला आकडा?" बूट काढायची सवड नाही! एकदा मुद्दाम सत्त्याहत्तर दिला. पठ्ठी अठ्ठ्याऐंशीतून अकरा वजा करून मोकळी! (मला सुचलं नव्हतं. खरंच!)

बिल्डिंगभर बोभाटा झाला. शेजारच्या भावनाबेन आपल्या पिंकूला घेऊन दारात हजर. "भाईसाब, ये बिगडेला मशीन किधर मिलता है? हमारा तो पूरा चालू है!"

मी फुगलो. एवढी हुशार पोर, तिच्या हातात मोडकं खेळणं? केबिन रोडवरून नवा कोरा कॅलक्युलेटर आणला आणि जुना दुकानदाराच्या गळ्यात मारला.

"बाबा, ह्याचा सात चालतोय?"

"मग! एकदम फर्स्ट क्लास!"

तिने सत्त्याहत्तर दाबले. आले.

"मग आता खेळायचं काय?" म्हणाली आणि खाली पिंकूबरोबर लंगडी खेळायला पळाली.

दुसऱ्या दिवशी वळणावरून वर पाहिलं, तर गॅलरीत नुसते टॉवेल.

मनू आता दूर, तिच्या संसारात असते. गॅलरीतली ती हाक मला अजून ऐकावीशी वाटते, फार वाटते. म्हणून दर दसऱ्याला मी त्याच नव्या कॅलक्युलेटरवर चांगलं तांब्याभर पाणी ओततो. बायको आता अडवत नाही, उलट तांब्या भरून देते.

पण मेल्याचं सातचं बटण अजून ठणठणीत आहे!