दोन्ही कुशींच्या बरगड्या

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता विसरलो. ज्या प्रकरणात शेवटी गुन्हाच निघाला नाही, ते मात्र मनातून जात नाही.

तेव्हा मी दक्षिण बेंगळुरूतल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. सकाळची हजेरी होऊन बंदोबस्ताची वाटणी चालू होती, तेवढ्यात जे. पी. नगरमधले एक गृहस्थ फिर्याद घेऊन आले. पन्नाशीचे, सरकारी कारखान्यात इंजिनियर, मूळचे पुण्याचे. बायको मुलीच्या शिक्षणासाठी तिकडेच. इथं फ्लॅटमध्ये ते आणि त्यांची अंथरुणाला खिळलेली, ऐंशी ओलांडलेली आई. तिचा खोकला थांबेना म्हणून रुग्णालयात नेलं, छातीचा स्कॅन काढला, तर बरगड्या मोडलेल्या. एक नाही, बऱ्याच.

"सांभाळायला ठेवलेल्या बाईनं मारलंय, साहेब. दुसरं घरात येतंय कोण?"

बाई रायचूरकडची, विधवा, एजन्सीमार्फत आलेली. त्या घरात लागून तिला जेमतेम आठवडा झाला होता. फिर्याद नोंदवून तिला चौकशीला बोलावलं. महिला उपनिरीक्षकांनी उलटसुलट विचारलं. खोटं बोलणारा माणूस सहसा न विचारलेलंही सांगत बसतो. ही विचारलं तेवढंच सांगत होती. मारलं नाही, ढकललं नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. शेवटी एकदाच ती माझ्याकडे वळून कन्नडमध्ये म्हणाली, "सार, अपार्टमेंटच्या ग्रुपवर माझा फोटो टाकलाय. गावाकडे माझी मुलगी आहे. तिनं बघितला तर?"

एजन्सीनं तिला आधीच कामावरून काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी हवालदार खबर घेऊन आला. "सार, खालच्या मजल्यावरच्या अक्का म्हणतात, म्हातारीचं कण्हणं सकाळी लवकर ऐकू येतं. महिने झाले. ही बाई तर नऊला यायची."

स्कॅन घेऊन मी सरकारी रुग्णालयातल्या न्यायवैद्यक डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. वडील शिंपी, आई निरक्षर. बी.एस्सी.ला जीवशास्त्र घेतलं होतं, त्यामुळे बरगड्यांच्या बारा जोड्या मला पाठ होत्या. वरच्या सात कूर्चेनं छातीच्या मधल्या हाडाला थेट जोडलेल्या, पुढच्या तीन आपल्या वरच्या बरगडीच्या कूर्चेला धरून, शेवटच्या दोन पुढून मोकळ्या. मी ते म्हणून दाखवलं. डॉक्टरीणबाई हसल्या. "सरी, अगदी बरोबर, इन्स्पेक्टर. आता हे बघा."

त्यांनी चहाचा कागदी कप घेतला आणि पुढून-मागून दाबला. कप दोन्ही बाजूंना फुगला आणि बाजूलाच मुडपला.

"छातीला पिंजरा म्हणतात, पण तो लोखंडाचा नसतो. प्रत्येक श्वासाला बरगड्या बादलीच्या कडीसारख्या वर उचलल्या जातात, खाली येतात. ठोसा मारला तर लागलं तिथंच हाड मोडून आत दबतं, कातडीवर वळ उठतो. यांच्या अंगावर वळ नाही. मोडल्यात त्या दोन्ही कुशींना, समोरासमोर, बाहेरच्या अंगानं. कोणीतरी पुढून-मागून आवळलंय. आणि एकदा नाही." त्यांनी बोट ठेवलं. "ही ताजी. हिच्यावर गाठ धरलीय, म्हणजे काही आठवडे झाले. ही तर पूर्ण जुळलीय. दम्यासाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेतलीत त्यांनी, हाडं पापडासारखी झालीत. फार जोर लागला नसेल."

म्हणजे आठवड्यापूर्वी आलेली बाई यात बसत नव्हती. मग आवळलं कोणी?

महिला उपनिरीक्षकांना घेऊन मी त्या घरी गेलो. मुलाला बाहेर बसवून म्हातारीचा जबाब घेतला. मी मराठीत बोललो तशी ती उजळली.

"अगंबाई, इथल्या पोलिसांत मराठी माणूस? पण तुमचं मराठी जरा निराळंच लागतंय."

"तीनशे वर्षांचं शिळं आहे, मावशी. तंजावर, बेंगळुरू करत आलेलं. बरगड्यांना काय झालं?"

"पडले."

"कुठे?"

"न्हाणीघरात."

वर्षभर ती न्हाणीघरापर्यंत चाललेली नव्हती. मी तसं म्हटल्यावर तिनं नजर छताकडे वळवली.

बाहेरच्या खोलीत येऊन मी मुलाला सहज विचारलं, "बाई नसताना आईंना उठवतं कोण?"

"मीच. सकाळी ऑफिसला जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर. त्या बाईला मी कधी उचलू दिलं नाही, त्यांना पद्धत नसते." त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता. "व्हिडिओ बघून, विचार करून मी ही पद्धत बसवलीय. वजन आपल्या अंगाजवळ ठेवायचं, मग पाठीवर ताण येत नाही. थांबा, दाखवतो. पण साहेब, आई तुमच्या निम्मीसुद्धा नाही. तुम्हाला उचलायचं तर क्रेन मागवावी लागेल."

महिला उपनिरीक्षक तोंड फिरवून हसल्या. ते माझ्या मागे आले, काखेखालून हात घातले, छातीच्या हाडावर बोटं एकमेकांत अडकवली आणि "चल आई, हुप्प!" म्हणत मला स्वतःकडे ओढून उचललं. माझा श्वास तिथल्या तिथे थांबला. पुढून त्यांचे हात, मागून त्यांची छाती, मध्ये मी. दोन्ही कुशींना नेमकं कुठे लागतंय ते मला कपड्यांतूनही कळलं.

"बघितलंत? जराही हिसका नाही," ते म्हणाले.

मी पुन्हा आत गेलो. म्हातारीनं ते "हुप्प" ऐकलं होतं.

"कळलं ना तुम्हाला?" ती हळूच म्हणाली. "त्याला सांगू नका."

"इतके महिने दुखलं, तुम्ही बोलला का नाहीत?"

"अहो, पन्नाशीचा मुलगा एरवी आईला जवळ घेतो का? दिवसातून दोनदा तेवढाच त्याचा गाल माझ्या डोक्याला लागतो. बोलले असते तर दुसरं कोणी ठेवलं असतं उचलायला."

"पण त्या बाईवर आळ आलाय, मावशी."

"तिला सोडा की. तिचं काही नाही, मी लिहून देते. कारण तेवढं लिहू नका."

गुन्हा घडला नाही असा अहवाल, ज्याला आमच्याकडे बी रिपोर्ट म्हणतात, कोर्टात द्यायचा तर कारण लागतं. फिर्यादीला त्याची नोटीस जाते. नुसतं 'पुरावा नाही' लिहिलं असतं तर मुलानं हरकत घेतली असती, आणि ती बाई जन्मभर संशयितच राहिली असती. ग्रुपवरचा फोटो नुसत्या शब्दानं पुसला जात नाही.

मी मुलाला ठाण्यात बोलावलं, दार लावून घेतलं आणि स्कॅन पुढे ठेवून सगळं सांगितलं. कोणाचा दोष नाही, हाडंच तशी होती, हेही सांगितलं. ते फक्त म्हणाले, "दोन्ही बाजूंना?"

"हो."

"म्हणजे माझ्याच दोन हातांनी." ते आपल्या तळव्यांकडे बघत होते.

कारणासकट बी रिपोर्ट कोर्टात गेला, बाईवरचा आळ सुटला. मुलानं स्वतः ग्रुपवर खरं काय ते लिहिलं, एजन्सीत जाऊन तिची माफी मागितली. फार थोडे फिर्यादी एवढं करतात. ती आता व्हाइटफील्डकडे कामाला आहे असं कळलं होतं.

काही महिन्यांनी त्या बाजूला काम निघालं म्हणून त्यांच्याकडे डोकावलो. पलंगाशेजारी माणसाला उचलण्याचं यंत्र आणलं होतं. नवी बाई कापडाची झोळी म्हातारीच्या अंगाखाली सरकवत होती. मुलगा रिमोट घेऊन दारात उभा होता. झोळी वर आली, तशी थोडी कलली. म्हातारीचा हात आपसूक त्याच्या दिशेनं गेला. तो एक पाऊल मागे सरकला.

"बरगड्या जुळल्या हं, साहेब," म्हातारी मला म्हणाली. "आता श्वास घेताना दुखत नाही."

निर्दोष माणसाच्या डोक्यावरचा आळ काढायचा तर खरं लिहावंच लागतं. पुन्हा वेळ आली तरी मी तेच लिहीन. पण खऱ्याची किंमत नेहमी अपराधीच भरतो, असं मी नोकरीभर धरून चाललो होतो. या प्रकरणात अपराधी नव्हता, तरी ती कोणीतरी भरली. ती भरणारी झोळीत लोंबकळत माझ्याकडे बघून हसत होती, आणि मला तिच्याकडे बघवेना.